सहातली वेगळी बाटली

६ जानेवारी २००३, सोमवार
डायरीत रविवार छापलाय. खताच्या दुकानाची गेल्या सालची डायरी आहे, कोरीच राहिली. वार एकेक पुढे ढकलला की झालं. वर्ष फुकट घालवायचं नाही.

आजपासून जीवनाला दिशा. मुरबाड स्टँडवर नरेंद्र भेटला. शाळेत माझ्या मागच्या बाकावर होता, आता मुरबाडच्या पुढे बियरच्या कारखान्यात केमिस्ट आहे. तेव्हा तो माझं बघून लिहायचा. तो म्हणतो उलट होतं. असो.

कारखाना नवीन बियर काढतोय. काळी, स्ट्राँग, जर्मन पद्धतीची. त्यांना टेस्टर पाहिजे. म्हणजे पिऊन सांगायचं कशी आहे, आणि महिन्याला पगार. देवाने माझ्यासाठी एक पोस्ट काढून ठेवली होती आणि मी इतकी वर्षं एसटीडी बूथ, सिमेंटचं गोडाऊन असल्या ठिकाणी दिवस काढत होतो!

नरेंद्रने सहा बाटल्या दिल्या. लेबल नाही, नुसते नंबर, एक ते सहा. प्रत्येक बाटलीला एक फॉर्म. रंग, फेस, वास, चव, घोट गेल्यावर मागे काय राहतं, आणि दहापैकी मार्क. सगळ्यात शेवटी एकच प्रश्न: सहापैकी पाच बाटल्या एका खेपेच्या आहेत, एक वेगळी आहे, तिचा नंबर लिहा. नरेंद्र म्हणाला, हरेश, बाकी काही चुकलं तरी चालेल, हे चुकवू नको. मला प्रश्न जरा बालिश वाटला. पहिलीच्या पुस्तकातला, गटात न बसणारा ओळखा.

नियम: दिवसाला एकच बाटली. त्यातली अर्धा ग्लास घ्यायची, बाकी ओतून द्यायची. आधी दोन तास काही खायचं नाही. तंबाखू बंद. २० तारखेला फॉर्म घेऊन हजर व्हायचं.

घरी सांगितलं की माल्टच्या कंपनीत टेस्टिंगचं काम आहे. खोटं नाही, माल्ट असतंच त्यात. बाबा माळकरी, त्यांना पूर्ण खरं झेपणार नाही. बाबा म्हणाले, चाखायचा पगार देतात व्हय? मंग बारशाला जाऊन जेवतोस त्याचाबी माग. शेवटी म्हणाले, एक तारखेपर्यंत बघतो. नाय झालं तर टोकावड्याला मामाच्या पोल्ट्रीवर जायचं. मामाला शबूद दिलाय.

पोल्ट्रीवर मी जाणार नाही. इथे लिहून ठेवतो.

तंबाखू आजपासून बंद. (जेवणानंतर शेवटची चिमूट.)

७ जानेवारी, दुपारी ३
बाटली नं. १. स्थळ: गोठ्याचा माळा, पेंढ्यात. शांत जागा. खाली म्हैस.

झाकण कडीला अडकवून काढलं. पेला स्टीलचा. फॉर्ममध्ये रंग विचारलाय, स्टीलच्या पेल्यात रंग दिसत नाही. लिहिलं: गडद असावा. फेस: दुधावर येतो तसा आला, साय समजून फुंकून टाकला. चव: भारदस्त. मोठ्या माणसाच्या घरी गेल्यासारखं वाटलं. मार्क ९.

अर्धा ग्लासचा नियम आहे, पण अर्ध्यात अभ्यास सोडायची सवयच मला नडली. बारावी अर्धी, आयटीआय अर्धं. म्हणून बाटली पूर्ण केली.

संध्याकाळी ७: बाबांनी उठवलं. पेंढ्यात का झोपला विचारलं. ताप म्हणालो. आईने कपाळाला हात लावला, मग वास घेतल्यासारखं केलं.

८ जानेवारी
शेणव्याच्या नाक्यावरून चहाचा काचेचा ग्लास आणला. परत देणार आहे.

बाटली नं. २. आता रंग दिसला. ग्लास दाराकडे धरला तर कडेने लालसर, मध्ये काळा, काकवीसारखा. मन भरून आलं. एवढा सुंदर रंग आयुष्यात चालत आला आणि आपण गोठ्यात. चव: रुबाबदार. मागे काय राहतं: आठवणी. मार्क ९.

नरेंद्रने सांगितलेलं आठवलं. सातूला मोड आणतात, वाळवतात, भट्टीवर भाजतात, मग त्याची बियर करून महिनाभर थंडीत निजवून ठेवतात. झोपेतच ती तयार होते. मी झोपतो तेव्हा घरात कुणाला हे पटत नाही.

तंबाखू: दोनदाच. दोन्ही वेळा टेस्टिंगनंतर.

९ जानेवारी
सुट्टी. जिभेला विश्रांती.

१० जानेवारी
सुट्टी चालू. नम्रता (बहीण, अकरावी, तोंडाळ) म्हणाली, दादा, तुझ्या जिभेला विश्रांती असते तेव्हा घरात सगळ्यांनाच बरं वाटतं.

११ जानेवारी, शनिवार
बाटली नं. ३ आज इथेच माळ्यावर करणार होतो. पण कमळू जीप घेऊन टोकावड्याला निघाला. पलीकडच्या आळीचा कमळू, माझा जिगरी. म्हणाला, मोकळ्या हवेत चव चांगली कळते. मुद्दा शास्त्रीय वाटला. बाटली टॉवेलात गुंडाळून घेतली.

ढाब्यावर झाकण काढलं तर अर्धी बाटली कमळूच्या शर्टावर. जीपने फार हलली होती. कमळू म्हणाला, फेस चांगला हाय, लिव. लिहिलं. उरलेली सुकटीच्या चटणीबरोबर घेतली. दोन तास उपाशी राहायचा नियम आहे, पण सुकट समोर आली तेव्हा त्या दोन तासांतला दीड तास होऊन गेला होता.

वास: सुकटीसारखा. बहुतेक जर्मनीतली पद्धत. मार्क ९.

मग नको तेच झालं. ढाब्यावर मामा. हाताला धरून पोल्ट्री दाखवायला नेलं. तीन हजार कोंबड्या एकदम बघतात माणसाकडे. तो वास मी सांगू शकत नाही, आणि मी टेस्टर आहे. मामा म्हणाला, तुझी खाट तिथं, तुसाच्या पोत्यांच्या बाजूला. सकाळी पाचला उठायचं, अंडी काढायची, सडकी येगळी करायची. काय नाय, सोप्पं हाय.

उद्यापासून सीरियस.

१२ जानेवारी
सर्दी झाल्यासारखं वाटतंय. जीप मागून उघडी, हवा लागली.

१४ जानेवारी, संक्रांत
आई सकाळपासून चुलीपुढे. नैवेद्य होईपर्यंत कुणी चाखायचं नाही, आईनेसुद्धा नाही. देवाच्या आधी तोंड लावलेलं चालत नाही आमच्याकडे. नम्रता म्हणाली, आई, मग मीठ बरोबर पडलं ते कसं कळणार? आईने टोपावर नाक नेलं, डोळे मिटले, चिमूटभर टाकलं, पुन्हा नाक नेलं. म्हणाली, झालं. तीस वर्षं हेच चाललंय.

मी प्रोफेशनल या नात्याने सांगितलं की वासाने मीठ कळत नाही, मिठाला वासच नसतो. आई म्हणाली, मिठाला नसल, भाजीला हाय ना. कच्च्या भाजीचा येगळा, अळणीचा येगळा.

नैवेद्य दाखवल्यावर पहिला घास मी घेतला, खास तपासायला. मीठ बरोबर होतं. योगायोग.

१५ जानेवारी, बुधवार
बाटली नं. ४. आज मूड लागला. नाक थोडं बंद, पण त्यामुळे लक्ष विचलित होत नाही. पहिल्याच घोटात कळलं की हे काही तरी मोठं आहे. खोली आहे. दुःख आहे. लिहिलं: सर्वोत्तम, जगात कुठेही नाव काढील. मार्क १०.

शिडीवरून उतरताना बाटली हातात असताना आई समोर. तिने रिकामी म्हणून मागितली, रॉकेलला होईल. अशा तीन तिने आधीच धुऊन ठेवल्यात, मला माहीत नव्हतं, मी पेंढ्यात लपवल्या होत्या. टॉनिक आहे म्हणालो, माल्टचं, कंपनीचं. आईने तोंडाशी हुंगली. म्हणाली, नागलीला मोड आणून भाजलेत का रं यात? मी म्हटलं नागली नाही, सातू. तर म्हणाली, हां, तसंच. पर ह्या बाटलीला करप हाय. आधीच्या तिघींना नव्हती. ती शेवटची तर नुसती सुकटीनं घाण केलेली, पर करप नव्हती.

आईचं शिक्षण चौथी. तिला समजावत बसलो नाही. तिचं म्हणणं फॉर्मवर लिहायचं कारण नाही.

तंबाखू: मोजली नाही. सर्दीला बरी असते.

१६ जानेवारी
बाटली नं. ५. नाक दोन्हीकडून बंद. हा उलट फायदा आहे, वास आड न येता निव्वळ चव मिळते. चव काही आली नाही. लिहिलं: संयमी. मार्क ८.

संध्याकाळी आई काही न विचारता बाटली घेऊन गेली. अंगणातून ओरडली, हऱ्या, ही पैल्यांसारखीच हाय गो! नम्रता हसत होती. गो मुलींना म्हणतात. आई मला आणि तिला एकदम सांगत होती.

१८ जानेवारी, शनिवार
म्हशाची जत्रा. जायचं नव्हतं. बाटली नं. ६ बाकी होती आणि परवा फॉर्म द्यायचे. पण बाबांना घोंगडी आणायची होती, आणि कमळू म्हणाला म्हशाला गेल्याशिवाय जानेवारी संपत नाय. बाटली बरोबर घेतली. जत्रेत एकांत शोधून टेस्टिंग करणार होतो.

बैलबाजारात एकांत नसतो. शेकोटीभोवती बैलांचे व्यापारी बसले होते, त्यांनी जागा दिली, मग बाटली दाखवणं आलं. झाकण झाकण करून सात जणांनी घेतली. म्हणजे पॅनेलच झालं. एक म्हातारा म्हणाला, खोकल्याला बरी. एक म्हणाला, बैलाला पाजली तर भाव येईल. माझ्या वाट्याला आली तेव्हा बाटलीत आवाज नव्हता.

घोंगडी विसरलो.

१९ जानेवारी, रविवार
नं. ६ चा फॉर्म नं. १ वरून लिहिला. पाच बाटल्या एका खेपेच्या आहेत हे तेच सांगतात, मग यात फसवणूक कसली.

राहिला बालिश प्रश्न. वेगळी कोणती? डोळे मिटून प्रत्येक दिवस आठवला. नं. १ ला स्टीलचा पेला होता. नं. ३ शर्टावर. पण सगळ्यात वेगळं वाटलं ते ८ तारखेला. लिहिलं: नं. २. फॉर्मवर कारणाला जागा होती, तिथे लिहिलं: ग्लास वेगळा होता.

बाबा म्हणाले, घोंगडी?

२० जानेवारी, सोमवार, रात्री
शांतपणे लिहितो.

आईला मुरबाडला बिडाचा तवा घ्यायचा होता, म्हणून ती बरोबर आली. म्हणाली, तू कामाला लागणार ती जागा तरी बघते. मी नको म्हणालो. ती एसटीत आधी चढली.

कारखान्यात नरेंद्र गेटवर आला. मावशी म्हणून आईच्या पाया पडला. आम्हाला लॅबमध्ये नेलं. आई दाराजवळच्या बाकावर बसली, मांडीवर तवा. तिथल्या मुख्य मॅडमने माझे फॉर्म वाचले. दोनदा वाचले. सुकटीच्या ठिकाणी थांबल्या. म्हणाल्या, प्रत्यक्ष बघूया.

तीन ग्लास ठेवले. दोन सारखे, एक वेगळा, ओळखायचा. मी तिन्ही प्यायलो. म्हणालो मधला. मॅडमनी लिहिलं. पुन्हा तीन. म्हणालो पहिला. पुन्हा तीन. आता जरा गरगरत होतं, म्हणालो तिन्ही वेगळे आहेत आणि तिसरा मनमिळाऊ आहे. नरेंद्र खिडकीबाहेर बघत होता.

चौथ्यांदा ग्लास मांडले तेव्हा बाकावरून आई म्हणाली, अवो बाय, तो कडेचा बाजूला ठेवा ना. त्याला करप हाय. पोराला कशाला फिरवून ऱ्हायलाव.

मॅडम म्हणाल्या, या इकडे.

आई तवा घेऊनच उठली. जवळ आली, आधी विचारलं, हाय काय हे? मी उत्तर देणार होतो. पण नरेंद्र लहानपणापासून खरं बोलतो, त्याला ती खोड आहे. म्हणाला, मावशी, बियर आहे.

आईने माझ्याकडे बघितलं. मी पंख्याकडे बघितलं. पंखा बंद होता.

आई म्हणाली, मी तोंड लावनार नाय. मॅडम म्हणाल्या, नका लावू, नुसता वास घ्या. आईने पदर खोचला, दोन्ही हात मागे बांधले, संक्रांतीच्या टोपावर वाकते तशी वाकली. डोळे मिटले. हा. पुन्हा ग्लास बदलले. हा. मला पाणी आणायला पाठवलं. आलो तर चौथा चालू होता. पाचपैकी पाच.

मॅडमनी विचारलं, कसं ओळखता? आई म्हणाली, निवदाला चाखता येतं का? नाकानंच बघायचं. आनी हे तर नागलीसारखंच. मोड आणायचे, वाळवायचे, भाजायचे. भाजताना हात थांबला का एका अंगानं करपतं. मग गुळाच्या वासामागनं जळका वास येतो, लांबून, शेजारणीच्या घरातनं आल्यासारखा. त्या घरच्या बाटल्यांत चौथीला कुनाचा तरी हात थांबला होता.

नरेंद्रने रजिस्टर उघडलं. नं. ४. त्या दिवशी भट्टीवरचा माणूस जेवायला गेला होता.

मॅडमनी माझा नं. ४ चा फॉर्म पुन्हा काढला. सर्वोत्तम, १०. मी म्हणालो, मतभेद असू शकतात.

परतीच्या एसटीत आई सरळगावपर्यंत पदराने तवा पुसत होती. मग खिडकीकडे तोंड करून म्हणाली, टानिक म्हने.

२१ जानेवारी
मुलाखत एकंदर चांगली झाली असं वाटतं. चांगल्या जागेचं लगेच कळवत नाहीत.

२२ जानेवारी
आईने बाबांना काही सांगितलेलं नाही. जेवताना मला भाकरी वाढते आणि बघते. हे जास्त वाईट आहे.

२८ जानेवारी, मंगळवार
कारखान्याचं पत्र आलं! पोस्टमन ओटीवरच देऊन गेला, बाबांच्या हातात. मी धावत गेलो. पाकिटावर आईचं नाव: श्रीमती हौसाबाई धाऊ.

नम्रताने मोठ्याने वाचलं. वासाची तपासणी, महिन्यातून दोन मंगळवार, ने-आण करायला कारखान्याची जीप शेणव्याच्या नाक्यावर येईल. एरवी नम्रता वाचताना वाटेल तिथे थांबते, पण बियर हा शब्द तिने पूर्ण वाचला.

बाबा उठून शेतावर गेले. दुपारी आले नाहीत. नम्रता भाकर घेऊन गेली तर बांधावर बसले होते म्हणे. संध्याकाळी आले, हातपाय धुतले, आईला विचारलं, तोंड लावाय लागतं?

आई म्हणाली, नाय. लावनारबी नाय.

बाबांनी बराच वेळ गळ्यातली माळ चाचपली. मग म्हणाले, माळ गळ्यात हाय, नाकात नाय. जा.

मग माझ्याकडे वळले. म्हणाले, तू मामाचा शबूद ध्यानात ठेव. एक तारखेला सात वाजताची एसटी हाय.

मी नरेंद्रला फोन केला. म्हटलं, पत्रावर नावाची चूक असेल, एकाच घरात दोन उमेदवार, गोंधळ होऊ शकतो. तो म्हणाला, नाही रे. मग म्हणाला, तुझे फॉर्म मात्र लॅबमध्ये सगळ्यांनी वाचले. बोर्डावर लावलेत. म्हणजे लिखाणाची दखल घेतली गेली आहे.

१ फेब्रुवारी, टोकावडे
हा मुक्काम तात्पुरता आहे. मामाला माणसाची अडचण होती, नाही म्हणता आलं नाही.

खाट तुसाच्या पोत्यांच्या बाजूला. पहाटे पाचला उठायचा निश्चय. तंबाखू इथे सोपी जाईल, दुकान लांब आहे. (चालत वीस मिनिटं. बघून आलो.)

५ फेब्रुवारी
अंडी तपासण्याचं काम माझ्यावर सोपवलंय. विश्वासाचं काम. अंडं दिव्यापुढे धरायचं, हलवून बघायचं, ट्रे रांगेत मांडायचे. याला नजर लागते. एका अर्थाने हेही टेस्टिंगच, आणि जिभेपेक्षा डोळा कधीही वरचा. मी वहीत प्रत्येक रांगेपुढे शेरा लिहितो. मामा म्हणतो शेरे नकोत, नुसतं बरोबर-चूक कर. त्याची दृष्टी तेवढीच.

११ फेब्रुवारी, मंगळवार
सकाळी सातपर्यंत पाचही रांगा तपासल्या. शेरा: सर्व उत्तम. रांग ३: विशेष टवटवीत.

चारला कारखान्याची जीप दारात. आई उतरली. नवं लुगडं, हातात वड्यांचा डबा. कारखान्यातलं काम आटोपून ती मुद्दाम इकडे वळवून आली होती, ड्रायव्हर तिला मावशी म्हणतो. मामाने खुर्ची दिली. मामा मला कधी खुर्ची देत नाही.

आई आत आली नाही, दारातच उभी राहिली. डबा माझ्या हातात दिला, विचारलं, जेवतोस ना रं? झोप लागते ना? मी म्हटलं सगळं झकास आहे, इथे माझ्यावरच सगळं आहे. माझ्या गालावरून हात फिरवला. मग तिथेच थांबली. डोळे मिटले.

म्हणाली, हऱ्या, तिसऱ्या रांगेत एक सडलंय.

मी हसलो. मामाही हसला. जीप गेली.

वडे अजून मऊ होते. दोन खाल्ले. मग तिसरी रांग काढली.

होतं.